हायब्रिड गाडीत कोणत्या ग्रेडचे इंजिन ऑइल घालावे? ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०?

वऱ्हाडी_वाटसरू

नमस्कार. नागपुरात राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने गेल्या वर्षी इनोव्हा हायक्रॉसचे हायब्रिड मॉडेल घेतले आणि आता तिचे ऑइल बदलण्याची वेळ आली आहे. गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ हा ग्रेड पहिल्या पसंतीचा म्हणून दिलेला आहे. आमच्या आधीच्या सगळ्या गाड्या ज्यांनी सांभाळल्या, त्या मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तिथे असले पाण्यासारखे ऑइल घालणे म्हणजे बेअरिंगांशी वैर घेणे आहे. घराजवळच्या एका मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये विचारले, तर 'आमच्याकडे ५डब्ल्यू-३० चे बॅरल आहे, तेच सगळ्यांना घालतो' असे उत्तर मिळाले. तिसरीकडे टोकियोतील माझा मावसभाऊ सांगतो की तिकडे याहूनही पातळ ऑइल सर्रास मिळते.

आमचा वापर असा आहे : आठवडाभर शाळा, कार्यालय आणि बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, आणि सुट्ट्यांमध्ये सात माणसे व सामान घेऊन चिखलदरा किंवा थेट कोकण. माझे प्रश्न दोन आहेत. बाहेरची उष्णता जास्त असेल तर ऑइल जाड घ्यावे, हे कितपत खरे आहे? आणि हायब्रिडमध्ये इंजिन सतत चालू-बंद होत असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर साध्या पेट्रोल गाडीपेक्षा वेगळे असते का?

खटारा_प्रेमी

मिस्त्रींशी शंभर टक्के सहमत. मी तीस वर्षे २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-४० वापरली आणि एकाही गाडीचे इंजिन खोलावे लागले नाही. कंपन्यांना पातळ ऑइल का आवडते हे गुपित राहिलेले नाही. सरकारच्या कॅफे नियमांनुसार कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा आहे. २०१७-१८ पासून ती किलोमीटरमागे १३० ग्रॅम होती, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम झाली. ऑइल पातळ केले की सरासरी थोडी सुधारते आणि दंड वाचतो. इंजिन दोन लाख किलोमीटरनंतर काय म्हणते याच्याशी त्यांना देणेघेणे नसते, कारण तोवर वॉरंटी संपलेली असते.

घाटमाथा

कॅफेचा मुद्दा खरा आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष अर्धाच पटतो. पातळ ऑइल घालण्याचे कारण ॲव्हरेज असले तरी ते सोसण्यासाठी इंजिनाची रचनाही बदललेली असते. ऑइल पंप, बेअरिंगमधील फट, त्यांच्यावरचे लेप हे सगळे त्या ग्रेडला धरून ठरवलेले असते. जुन्या गाडीत ०डब्ल्यू-१६ घातले असते तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. तैलबुद्धी यांनी या धाग्यावर यावे, अशी त्यांना विनंती आहे.

मिनेसोटकर

आमच्याकडे जानेवारीत उणे तीस अंश असते, त्यामुळे 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा इथे जीवनमरणाचा प्रश्न असतो. नागपूरकरांनी त्याची काळजी करण्याचे कारण नाही. तुमच्यासाठी दुसरा आकडाच महत्त्वाचा आहे.

तैलबुद्धी

बोलावले आहे तर सविस्तर लिहितो. वंगण तेलाच्या उद्योगात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे प्रतिसाद लांबला तर क्षमस्व.

ऑइलचे ग्रेड एसएई जे३०० या मानकावरून ठरतात. पहिल्या आकड्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. ०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३५ अंशांना इंजिन फिरवण्याची आणि उणे ४० अंशांना ते पंपातून ओढले जाण्याची असते. ५डब्ल्यूसाठी हीच तापमाने पाच-पाच अंशांनी वर सरकतात. तेव्हा मिनेसोटकर म्हणतात ते बरोबर आहे. विदर्भातील कोणत्याही पहाटेला ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू दोन्ही आरामात चालतील.

दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते ते सांगतो. सेंटिस्टोक या एककात १६ चा पट्टा ६.१ ते ८.२, २० चा ६.९ ते ९.३, ३० चा ९.३ ते १२.५ आणि ४० चा १२.५ ते १६.३ असा आहे. आता बारकाईने पाहिले तर लक्षात येईल की १६ आणि २० यांचे पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. ७.५ सेंटिस्टोकचे ऑइल केवळ या कसोटीवर दोन्हींत बसू शकते. त्यांना वेगळे करते ती दुसरी कसोटी. १५० अंशांना, अतिशय वेगाने घासले जात असताना ऑइल किती टिकून राहते ते मोजतात. बेअरिंग आणि पिस्टन रिंगांच्या दृष्टीने खरा आकडा हाच. त्याची किमान मर्यादा १६ साठी २.३, २० साठी २.६ आणि ३० साठी २.९ आहे, ५डब्ल्यू-४० साठी ३.५ आणि १५डब्ल्यू-४० साठी ३.७.

आता उष्णतेबद्दल. पारा ४५ वर गेला म्हणून सम्पमधले, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतले ऑइल काही तेवढ्याच प्रमाणात तापत नाही. इंजिन चालू झाले की त्याचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात आणि ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान राहते. नागपूरच्या मे महिन्यात ते महाबळेश्वरच्या डिसेंबरपेक्षा थोडे जास्त तापेल, पण बाहेरचा फरक जितका तितका फरक आत पडणार नाही. उलट ४० अंशांना, म्हणजे तुमच्या अंगणात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत, ०डब्ल्यू-१६ ऑइलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, तिसेक सेंटिस्टोकच्या पुढे असते. खटारा_प्रेमी यांच्या १५डब्ल्यू-४० ची गरम इंजिनातली श्यानता याच्या निम्मी असते. सुरू होण्याच्या क्षणी कोणतेही ऑइल पातळ नसते, गरजेपेक्षा घट्टच असते.

कोथरूडची_ज्ञानपिपासू

आकडे समजले, आभार. याचा अर्थ आमच्या घरातल्या खोबरेल तेलाला कोणताच डब्ल्यू मिळणार नाही, कारण पुण्याच्या डिसेंबरातच ते बाटलीतून बाहेर यायला नकार देते.

खटारा_प्रेमी

तैलबुद्धी यांचा अभ्यास दांडगा आहे, पण त्यांच्याच आकड्यांतून माझा मुद्दा सिद्ध होतो. २.३ आणि ३.७ यांत फरक आहे की नाही? जाड थर म्हणजे जास्त संरक्षण, ही साधी गोष्ट आहे. शिवाय टोयोटाच्या अनेक पुस्तिकांमध्ये असे वाक्य असते की गाडी वेगाने किंवा जास्त भार घेऊन चालवायची असेल तर अधिक श्यानतेचे ऑइल अधिक योग्य ठरू शकते. ते वाक्य कंपनीनेच लिहिले आहे, माझ्या मिस्त्रीने नव्हे.

तैलबुद्धी

ते वाक्य आहे आणि महत्त्वाचे आहे, त्याकडे नंतर येतो. आधी 'जाड थर म्हणजे जास्त संरक्षण' याबद्दल.

बेअरिंगमधील ऑइलचा थर तीन गोष्टींवर ठरतो : ऑइलची श्यानता, शाफ्ट फिरण्याचा वेग आणि त्यावर पडणारा भार. वेग कमी आणि भार जास्त, ही सर्वांत वाईट स्थिती. आपण चढावर चौथा गिअर सोडत नाही आणि इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर कण्हत राहते, तेव्हा थर सर्वांत पातळ झालेला असतो. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये ही स्थिती सहसा येऊच शकत नाही, कारण इंजिनाने किती फिरायचे हे चालकाच्या हातातील गिअर ठरवत नाही. संगणक ठरवतो, आणि कमी वेगातला जोर मोटर पुरवते. आपण ज्याला हायब्रिडचा 'रबरासारखा' आवाज म्हणून नावे ठेवतो, तो वाढलेला आरपीएम ऑइलच्या थराच्या दृष्टीने हितकारक असतो.

दुसरा मुद्दा चालू-बंद होण्याचा. साध्या गाडीत स्टार्टर मोटर इंजिनाला कशीबशी दोनअडीचशे आरपीएमवर फिरवते आणि लगेच स्फोट सुरू होतात. या हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टरच नाही. जनरेटरचे काम करणारी मोठी मोटर इंजिनाला हजाराच्या आसपास आरपीएमपर्यंत नेते आणि मग पेट्रोल सोडले जाते, म्हणजे भार पडण्याआधी ऑइलचा दाब तयार होऊ लागलेला असतो. अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या सुरुवातींमध्ये लवकर पोहोचणारे पातळ ऑइल उपयोगी पडते. ऑइल पंप इंजिनावरच चालत असल्याने गाडी नुसत्या बॅटरीवर चालते तेव्हा ऑइलचा दाब शून्य असतो, हेही ध्यानात ठेवावे.

घाटमाथा

यात मला एक प्रतिवाद करायचा आहे, कारण चित्र इतके गोड नाही. आंबेनळी घाट पोलादपूरकडून महाबळेश्वरपर्यंत सात माणसे घेऊन चढून पाहा. पहिल्या काही किलोमीटरांतच बॅटरी खालच्या मर्यादेला येते आणि त्यानंतर सगळा भार इंजिनावर. चार-साडेचार हजार आरपीएमवर ते बराच वेळ राहते, गाडीचा वेग मात्र कमी असल्याने समोरून वाराही मिळत नाही. ऑइल सर्वांत जास्त तापते ते अशा वेळी, नागपूरच्या सिग्नलवर नाही. माझ्या मते पुस्तिकेतले 'जास्त भार' याच प्रसंगासाठी आहे. मी स्वतः त्यामुळे ०डब्ल्यू-२० वापरतो. पुस्तिकेतल्या यादीत तो ग्रेड आहे, ॲव्हरेजमध्ये मला फरक जाणवलेला नाही आणि मनाला स्वस्थता मिळते.

उतरताना निराळीच गंमत असते. महाबळेश्वरहून खाली येताना बॅटरी भरते, तिला आणखी वीज नको असते, मग गाडी तीच मोटर वापरून इंजिनाला पेट्रोलशिवाय नुसते फिरवते आणि ब्रेकचे काम करून घेते. नवीन मालक घाबरतात की उतारावर इंजिन का ओरडते आहे. तेव्हा आत स्फोट होत नसल्यामुळे बेअरिंगांवर फारसा भार नसतो.

साकुरा_आणि_साबुदाणा

जपानमधून लिहीत आहे. वऱ्हाडी_वाटसरू यांच्या मावसभावाचे म्हणणे बरोबर आहे. इथे ०डब्ल्यू-१६ दुकानात सहज मिळते आणि काही नव्या हायब्रिड गाड्यांमध्ये कारखान्यातूनच ०डब्ल्यू-८ येते. त्यासाठी जेएएसओ या जपानी वाहन-मानक संस्थेने २०१९ साली जीएलव्ही-१ नावाचे वेगळे मानक केले. परंतु इथली दुसरी बाजू कोणी सांगत नाही. टोयोटाच्या साध्या पेट्रोल गाड्यांसाठी इथे सर्वसाधारण वापरात १५,००० किलोमीटर किंवा १ वर्ष आणि कठोर वापरात ७,५०० किलोमीटर किंवा ६ महिने अशी मुदत असते. कठोर वापर म्हणजे काय याच्या यादीत डोंगराळ रस्ते व खडबडीत रस्ते आहेतच, पण त्यांच्याबरोबर ८ किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या वारंवार फेऱ्याही आहेत. म्हणजे शाळा, कार्यालय, बाजार.

मूळ प्रश्नात 'चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या' हे शब्द वाचले तेव्हाच मला वाटले की सगळे जण पाऱ्याबद्दल बोलत आहेत आणि आजार दुसरीकडे आहे.

कोथरूडची_ज्ञानपिपासू

हे वाचून मला माझा प्रश्न विचारण्याचे धैर्य आले. माझ्याकडे होंडा सिटी हायब्रिड आहे, तिला ०डब्ल्यू-२० सांगितलेले आहे. कार्यालय तीन किलोमीटरवर असल्याने बहुतेक वेळ गाडी मोटरवर चालते आणि इंजिन मध्येच थोडा वेळ जागे होऊन झोपी जाते. पावसाळ्यात ऑइलचे झाकण उघडले तेव्हा आतल्या बाजूला कॉफीवरच्या सायीसारखा थर दिसला. शेजारच्या एका जाणकारांनी लगेच 'हेडगास्केट गेले', म्हणजे कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारी इंजिनातली पट्टी फाटली, असा निकाल दिला. कूलंटची पातळी मात्र जिथल्या तिथे आहे. हे कशामुळे होते, आणि जाड ऑइल घातल्याने थांबेल का?

तैलबुद्धी

कूलंट कमी होत नसेल तर हेडगास्केटला तूर्त निर्दोष समजावे. तरीही काही आठवडे कूलंटच्या टाकीवर लक्ष ठेवा.

साकुरा_आणि_साबुदाणा यांनी मुद्द्यावर बोट ठेवले आहे. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. त्याची वाफ थोडी पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते, आणि थंड सिलिंडरच्या भिंतीवर न जळलेले पेट्रोलही तसेच खाली येते. इंजिन पूर्ण तापून अर्धा तास चालले की पाणी उडून जाते आणि पेट्रोलचा हलका अंशही जातो. त्याचा जड अंश मात्र सहजासहजी जात नाही, कारण तो २०० अंशांच्या आसपास उकळणारा असतो. हायब्रिड इंजिन लहान फेऱ्यांत पूर्ण तापतच नाही. साध्या गाडीत चार किलोमीटरमध्ये इंजिन निदान चार किलोमीटर चालते. इथे कदाचित एकच चालते. पाणी साचते, ऑइलशी घुसळून मलईसारखे होते आणि सर्वांत थंड जागी, म्हणजे झाकणाखाली, दिसते.

जाड ऑइल घालून यातले काहीही थांबणार नाही. उपाय दोन आहेत : आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवणे, आणि किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, ऑइल महिन्यांच्या हिशेबाने बदलणे. पहिला उपाय ज्यांना जमत नाही त्यांनी दुसऱ्यात काटकसर करू नये.

मिनेसोटकर

म्हणजे कोथरूडमधल्या इंजिनाला जो आजार आहे तोच आमच्या मिनेसोटातल्या इंजिनाला आहे. आमच्याकडे थंडी बाहेरून येते, तुमच्याकडे ती तीन किलोमीटरच्या फेरीतून येते. फरक इतकाच की हिवाळ्यात इथे गाडीतल्या हीटरसाठी इंजिनाला चालू राहावेच लागते, त्यामुळे ते निदान कोमट तरी होते. तुमचा एसी विजेवर चालतो, त्याला इंजिनाची गरज नाही.

आखाती_मराठा

दुबईतील टॅक्सींमध्ये कॅमरी हायब्रिड मोठ्या संख्येने आहेत. उन्हाळ्यात बाहेर ४५ च्या पुढे तापमान असते आणि त्या दिवसरात्र धावतात. खटारा_प्रेमी यांच्या हिशेबाने त्यांची इंजिने कधीच संपायला हवी होती. सतत चालणारे इंजिन तापलेले राहते, ऑइल कोरडे राहते. नागपूरच्या उन्हापेक्षा नागपूरच्या शाळेची फेरी मला जास्त काळजीची वाटते.

खटारा_प्रेमी

टॅक्सीवाले ऑइल वेळेवर बदलतात. घरगुती ग्राहक दसऱ्याला गाडी धुतो आणि ऑइल पुढच्या दसऱ्याला बदलतो. तुलना बरोबरीची नाही.

आखाती_मराठा

हे मात्र मान्य.

घाटमाथा

एक शंका राहते आणि ती मी तैलबुद्धी यांच्याच स्पष्टीकरणातून मांडतो. लहान फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत असेल तर ऑइल पातळ होणार. २० चे ऑइल पातळ होऊन १६ सारखे झाले तर चालून जाईल. पण मुळात १६ असेल तर ते घसरून कुठे जाईल? हा विचार करूनच कोणी एक पायरी वर जात असेल तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

तैलबुद्धी

हा या धाग्यातील सर्वांत सशक्त आक्षेप आहे आणि तो मी खोडणार नाही. पेट्रोल मिसळल्याने श्यानता उतरते, हे खरेच आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत ते अधिक होते, कारण फवारा थेट सिलिंडरमध्ये पडतो. डिपस्टिकवरची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि वास घेतल्यावर पेट्रोल जाणवले, तर मुदतीची वाट न पाहता ऑइल बदलावे.

म्हणून ज्यांची पुस्तिका परवानगी देते त्यांनी ०डब्ल्यू-२० घालण्यात मला तांत्रिक अडचण दिसत नाही. इंधनातला तोटा मोजायलाही कठीण इतका लहान असतो, टक्क्याच्या आसपास. कंपनीला लाखो गाड्यांच्या सरासरीत तो महत्त्वाचा वाटतो, आपल्याला महिन्याच्या बिलात दिसत नाही. परंतु तिथून पुढे ५डब्ल्यू-३०, मग १५डब्ल्यू-४० असे चढत जाण्याचे समर्थन मी करणार नाही. अरुंद फटींमधून जाड ऑइल कमी प्रमाणात वाहते, त्यामुळे ते उष्णताही कमी वाहून नेते. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालत असेल तर तिच्या प्रतिसादावरही परिणाम होतो. १५डब्ल्यू-४० बहुतेक वेळा डिझेल इंजिनासाठी बनवलेले असते. पेट्रोल गाडीच्या आयएलएसएसी मानकात फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, कारण तो धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो. डिझेलच्या ऑइलमध्ये तो याहून जास्त असू शकतो.

आणखी एक गोष्ट. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या देशांतील पुस्तिका वेगवेगळे ग्रेड देतात. कॅमरी हायब्रिडच्या अमेरिकी पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ सांगून, ते न मिळाल्यास ०डब्ल्यू-२० चालेल, पण पुढच्या बदलाच्या वेळी पुन्हा १६ वर यावे, असे लिहिलेले आहे. दुसऱ्या देशांतील पुस्तिकांत अनेक ग्रेडांचा तक्ता असतो. आंतरजालावर अमेरिकेतला फोटो पाहून भारतातल्या गाडीचा निर्णय करू नये. आपल्या हातातली पुस्तिकाच उघडावी, वॉरंटीचा वाद झाला तर तीच विचारली जाते.

पेट्रोलपंप_शेजारी

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्याने ऑइलच्या ग्रेडचा निर्णय बदलतो का?

तैलबुद्धी

ग्रेडचा बदलत नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, त्यामुळे इंजिन पूर्ण तापले तर ते ऑइलमधून निघून जाते. तापले नाही तर पाण्याला सोबत मिळते आणि मलई वाढते. लहान फेऱ्यांचा मुद्दा त्यामुळे अधिक गंभीर होतो, एवढेच.

कोल्हापुरी_गॅरेज

नमस्कार मंडळी. माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि आता हायब्रिड गाड्याही येऊ लागल्या आहेत. वरची चर्चा उत्तम आहे, परंतु ग्रेड ठरवून घरी बसल्याने तो इंजिनात जात नाही. अनेक ठिकाणी एकच बॅरल असते आणि जॉब कार्डवर नुसते 'इंजिन ऑइल' असे लिहिलेले असते. जॉब कार्डवर ग्रेड आकड्यांत लिहून घ्यावा. शक्य असल्यास सीलबंद कॅन आपल्या समोर उघडायला लावावा आणि बिलावरही तोच ग्रेड यायला हवा.

कॅनच्या मागची खूणही पाहावी. ०डब्ल्यू-१६ साठी आयएलएसएसीचे जीएफ-६बी मानक २०२० साली आले आणि त्याची खूण ढालीच्या आकाराची आहे. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरेंवर ताऱ्यासारखी खूण असते. २०२५ पासून जीएफ-७ची ऑइले येऊ लागली आहेत, तीही चालतात, खुणांची विभागणी तशीच आहे. मानकाचा उल्लेख नसलेला आणि केवळ 'फुल्ली सिंथेटिक' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कॅन मी गाडीत ओतत नाही.

भरताना पातळी वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नये. थोडे जास्त घातले तर चांगले, असे अनेक गिऱ्हाइकांना वाटते. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

पेट्रोलपंप_शेजारी

कॅनमध्ये उरलेले ०डब्ल्यू-१६ मोटरसायकलला घातले तर चालेल का? सहज विचारतो आहे.

कोल्हापुरी_गॅरेज

सहजही विचारू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि गाडीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्ये त्याला घसरवतात. तिला जेएएसओ एमए लिहिलेले ऑइल लागते. उरलेले दाराच्या बिजागऱ्यांना घालावे.

नवी_मुंबईची_नवखी

उशिराने प्रश्न विचारत आहे. आमची गाडी 'स्मार्ट हायब्रिड' आहे. वरचे सगळे तिलाही लागू होते का?

घाटमाथा

बहुतांशी नाही. ती माइल्ड हायब्रिड प्रकारची आहे. तिच्यात मोटर इंजिनाला हात देते, पण गाडी एकट्या मोटरवर चालत नाही, त्यामुळे चालताना इंजिन सतत चालू असते आणि साध्या पेट्रोल गाडीसारखेच तापते. तिच्यासाठी पुस्तिकेतला ग्रेड आणि पुस्तिकेतली मुदत पुरेशी आहे. लहान फेऱ्यांचा त्रास तिलाही होतो, पण स्ट्राँग हायब्रिडइतका नाही.

वऱ्हाडी_वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुस्तिका पुन्हा वाचली. पहिली पसंती ०डब्ल्यू-१६, आणि वेग व भार जास्त असल्यास अधिक श्यानतेचे ऑइल योग्य ठरू शकते असे वाक्य त्यातही सापडले. आमचा मोठा प्रवास वर्षातून मोजक्या वेळी होतो आणि बाकीचा सगळा वापर साकुरा_आणि_साबुदाणा यांच्या 'कठोर' यादीत मोडतो. म्हणून मी ०डब्ल्यू-१६ कायम ठेवून ते १०,००० किलोमीटरची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी बदलायचे ठरवले आहे. रविवारी सकाळी वर्धा रस्त्याने बुटीबोरीच्या पुढपर्यंत जाऊन येण्याला आता घरून अधिकृत परवानगीही मिळाली आहे. मिस्त्रींना हे सांगितले. त्यांना पटलेले नाही, पण ऑइल बदलायला ते तयार आहेत.

खटारा_प्रेमी

सहा महिन्यांनी बदलणार असाल तर माझा विरोध मागे घेतो. इतक्या वेळा बदलले तर कोणतेही ऑइल चालेल. मुलीच्या हायब्रिडमध्ये मात्र मी ०डब्ल्यू-२० च घालणार, आणि घाटमाथा माझ्या बाजूने आहेत.

घाटमाथा

पुस्तिकेतल्या यादीत असेल तरच बाजूने आहे.

कोल्हापुरी_गॅरेज

वऱ्हाडी_वाटसरू, दर वेळी फिल्टरही नवा घ्या आणि ड्रेन बोल्टचा वॉशर जुनाच बसवू देऊ नका. त्याची किंमत नगण्य असते, पण तो गळायला लागला की सगळे जण ऑइल पातळ असल्याचा दोष काढतात.